पावणेसत्तावीस कोटींचा पाव्हणा

"तुमचा माणूस आणलाय, मराठासाहेब. आता खरं सांगा, मुलगा कसा आहे?"

२५ नोव्हेंबर २०२४, सोमवार, सकाळचे पावणेसात. चंडीगडमधल्या आमच्या सेक्टरची बाग, बागेतला ठरलेला बाक. थंडी अशी की कॅप्टनसाहेबांच्या तोंडातून प्रश्नाआधी वाफ बाहेर पडली. हा सूर मी त्यापूर्वी एकदाच ऐकला होता. माझ्या बहिणीला सांगलीचं स्थळ आलं तेव्हा आमच्या काकांनी त्या मुलाच्या कचेरीतल्या शिपायाला चहा पाजून अगदी ह्याच आवाजात चौकशी केली होती. इथे स्थळ होतं श्रेयस अय्यर, मुलीकडची बाजू पंजाब किंग्ज, आणि शिपाई मी.

आदल्या दिवशी जेद्दाला आयपीएलचा महालिलाव झाला होता. दिल्लीशी झटापट करत पंजाबने श्रेयसला २६ कोटी ७५ लाखांना घेतलं. आयपीएलच्या इतिहासातला सर्वांत महाग खेळाडू! हा इतिहास काही मिनिटं टिकला. मग लखनौने ऋषभ पंतवर २७ कोटी लावले आणि आमच्या बाकाची निम्मी ऐट गेली. "पंचवीस लाखांनी हुकलं," असं लालाजी रात्री फोनवर म्हणाले, ते अशा आवाजात, की कुणाला वाटावं उरलेले पावणेसत्तावीस ह्यांनीच भरलेत.

बाकाची ओळख करून द्यायला हवी. कॅप्टनसाहेब फौजेतून निवृत्त. दाढीला जाळी, बुटांना पॉलिश, आणि मतांना दोन्ही. चौधरी रोहतककडचे, हरयाणा सरकारच्या सचिवालयात फायली सांभाळून निवृत्त झालेले. लालाजींचं हार्डवेअरचं दुकान. त्यांचे वडील १९४७ला लायलपूरहून एक ट्रंक घेऊन आले, आणि ती ट्रंक अजून गल्ल्याच्या मागे आहे. आणि मी, दादरचा. १९९१ साली केंद्र सरकारच्या कचेरीतून इथे बदलीवर आलो, आल्या दिवशी बदली रद्द करण्याचा अर्ज टाकला, आणि त्या अर्जाचं उत्तर यायच्या आत निवृत्त झालो. इथे मराठी बोलणारा प्रत्येक जण 'मराठा'. पोटजात समजावून सांगण्याचा प्रयत्न मी पहिली दोन वर्षं केला. मग थंडी पडली आणि सोडून दिला.

"अय्यर म्हणजे मद्रासी ना?" चौधरींनी मूळ मुद्द्यालाच हात घातला.

"मुंबईचा आहे," मी म्हणालो. "शिवाजी पार्कला खेळून मोठा झाला. प्रवीण आमरेंच्या हाताखाली."

"म्हणजे तुमचाच."

"तसा... हो."

ह्या 'तसा हो'ची किंमत मला पुढे किती मोजावी लागणार आहे हे तेव्हा कळलं असतं, तर मी त्याला तिथल्या तिथे तंजावरला पाठवला असता.

खरी गंमत अशी की त्या दिवशी बाकावर प्रत्येकाचा एकेक माणूस विकत घेतला गेला होता. लिलावात पहिलंच नाव निघालं ते अर्शदीपसिंगचं, हा खरडचा, म्हणजे आमच्या शेजारचा. हैदराबादने बोली १८ कोटींपर्यंत नेली आणि पंजाबने आपला हक्क वापरून त्याला परत घेतलं. कॅप्टनसाहेबांनी टीव्हीसमोर उभं राहून सलाम ठोकला असं त्यांच्या सूनबाई सांगतात. मग युझवेंद्र चहल. तोही १८ कोटी. चहल हरयाणातल्या जींदचा. हरयाणाला स्वतःचा संघ नसल्यामुळे चौधरी इतकी वर्षं आयपीएलकडे, दुसऱ्याच्या वरातीकडे बघावं तसे बघत होते. त्या दिवसापासून ते घोड्याच्या बाजूला चालू लागले.

लालाजींचा मात्र कुणीच नव्हता. लायलपूरहून आयपीएलमध्ये कोण येणार? आणि ज्याचा माणूस नसतो त्याला फक्त भाव दिसतो.

"अठरा, अठरा आणि पौने सत्ताई," त्यांनी हातमोजा काढून बोटं मोडली. "पावणेत्रेसष्ट कोटी. तीन माणसं! आणि बादशाहो, एक गोष्ट मला कुणी समजावून सांगा. ह्या अय्यरनं मे महिन्यात कोलकात्याला कप जिंकून दिला. कर्णधार होता. तरी त्यांनी त्याला ठेवला नाही. चालणारी मशीन कारखानदार बाजारात का काढतो?"

कुणालाच उत्तर देता येईना. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मुलाकडचा मीच होतो ना.

"पैशावरून जमलं नसेल," मी म्हणालो.

"म्हणजे लोभी आहे," लालाजी म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच श्रेयसबद्दल आपुलकी दिसली.

पंजाबच्या चाहत्याचं दुःख बाहेरच्या माणसाला लवकर कळत नाही. मुंबईच्या चाहत्याला हरल्याचं दुःख होतं, तेवढंच. पंजाबच्या चाहत्याला गेलेल्यांचं दुःख असतं. हा संघ २००८ पासून आहे, नाव बदलून झालं, रंग तोच राहिला, कप नाही. पण कप नसणं हे वरचं दुखणं. खरं दुखणं म्हणजे इथून जो जातो तो दुसरीकडे जाऊन सोन्याचा होतो. वरुण चक्रवर्तीला २०१८च्या डिसेंबरात ८ कोटी ४० लाखांना घेतला, आख्ख्या मोसमात एक सामना खेळवला आणि सोडून दिला. कोलकात्याने त्याला उचलला आणि त्याच्याच फिरकीवर कप नेला. ग्लेन मॅक्सवेलचं नाव तर लालाजींसमोर काढू नये. २०२०च्या मोसमासाठी त्याला पावणेअकरा कोटींना घेतलं होतं. त्या मोसमात त्याने १०८ धावा केल्या आणि षटकार शून्य. लालाजींनी तेव्हा हिशेब केला, धावेला दहा लाख. मग सोडला. पुढच्या वर्षी बंगळुरूकडे जाऊन तो धो धो खेळला. आणि आता ह्या जेद्दाच्या लिलावात आम्ही त्याला ४ कोटी २० लाखांना पुन्हा घरी आणलं होतं. तिसऱ्यांदा.

"भंगारवाला," लालाजी म्हणाले, "मला माझीच सायकल तिसऱ्यांदा विकून गेला."

ह्या सगळ्यात कॅप्टनसाहेबांची जखम वेगळी होती. २०१९च्या नोव्हेंबरात पंजाबने आपला कर्णधार रविचंद्रन अश्विन दिल्लीला दिला. लिलाव नाही, सरळ ट्रेड. बदल्यात आला जगदीशा सुचित नावाचा फिरकीपटू आणि वर दीड कोटी रोख. कॅप्टनसाहेबांना सुचितबद्दल काही म्हणायचं नव्हतं. "पण कॅप्टन?" ते म्हणत. "लोक घोडे विकतात, ट्रक विकतात. कॅप्टन विकत नाहीत. वर सुटे पैसे घेतले!" ते सुटे पैसे त्यांना फार लागले होते. मी स्वतःशी मोजलं तर श्रेयस हा ह्या संघाचा सतरावा कर्णधार होणार होता. एवढ्या काळात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीसुद्धा इतके बदलले नाहीत, आणि त्या खुर्चीवर तर कुणीच टिकत नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. सॅन होजेहून भाचा. तिकडे रविवारची संध्याकाळ होती.

"मामा, संपलं सगळं," त्याचा आवाज बसला होता.

माझ्या पोटात गोळा आला. मोठी बहीण पंच्याऐंशीची आहे. "काय झालं? आई बरी आहे ना?"

"आई? आई झोपलीय. अरे, आम्ही ग्रीन बेला हरलो. ३८-१०."

मी बाकावर परत टेकलो. भाचा अमेरिकेत फुटबॉल बघतो. फुटबॉल म्हणजे ते, ज्यात पाय फारसा लागत नाही. त्याचा संघ सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स, आणि त्याच्या बैठकीच्या खोलीत गणपतीशेजारी एका रनिंग बॅकची सही केलेली टोपी आहे. क्रिश्चन मॅककॅफ्री. २०२२च्या ऑक्टोबरात ह्या माणसाला कॅरोलायनाकडून ट्रेड करून आणला, तेव्हाही भाच्याने मला असाच फोन केला होता. तेव्हा तो रडवेला नव्हता, वेडापिसा होता.

"कोण आहे? काय झालं?" बाकाने विचारलं. मी फोन स्पीकरवर टाकला. आता रनिंग बॅक म्हणजे काय हे आलं समजावणं. मी सुरुवात केली, की एक माणूस चेंडू काखेत मारतो, समोर अकरा आडदांड उभे असतात, त्यांच्या भिंतीत तो घुसतो, चारजण अंगावर पडतात, तरी तो जमेल तितकं पुढे सरकून...

"रेडर!" कॅप्टनसाहेब ओरडले.

"आणि अडवणारे जाफी," चौधरींनी पुरवणी जोडली. पंजाब-हरयाणाच्या गोल मैदानातल्या कबड्डीत अडवणाऱ्याला जाफी म्हणतात. अमेरिकेचा सगळा खेळ दोन शब्दांत बाकाच्या ताब्यात आला. आमच्याकडचा चढाईवाला निदान 'कबड्डी कबड्डी' म्हणत तरी जातो. हा मुकाट्यानं जातो, एवढाच फरक.

"कितीला घेतला होता?" लालाजी. दुसरा प्रश्न ते विचारूच शकत नाहीत.

"पैसे नाही दिले, अंकल," भाचा म्हणाला. "ड्राफ्टच्या पाळ्या दिल्या. २०२३ची दुसरी, तिसरी, चौथी फेरी आणि २०२४ची पाचवी."

म्हणजे कॉलेजातून दरवर्षी नवी पोरं येतात, ती निवडायच्या पुढच्या पाळ्या देऊन आजचा माणूस घ्यायचा. मी हे हिंदीत सांगितलं आणि बाकावर शांतता पसरली. मग लालाजींचा चेहरा हळूहळू उजळला.

"आढती!" ते म्हणाले. "उभं पीक बघून आढती उचल देतो. गहू अजून शेतात, पैसे आज घरात. पोरीचं लग्न उरकतं, आणि पुढचे चार हंगाम माणूस आढत्याचा."

"आमच्या कोकणात आंब्याच्या बागेचं असंच," मी म्हणालो. "मोहोर बघून बाग देतात. मग पाऊस आला तर घेणारा रडतो, आंबा आला तर देणारा."

"इथे कोण रडलं?"

भाच्याने उसासा टाकला. पहिली दीड वर्षं कुणीच रडलं नाही म्हणे. मॅककॅफ्री सुसाट सुटला, २०२३च्या मोसमात आक्रमणातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, संघ सुपर बोलपर्यंत गेला. तिथे, २०२४च्या फेब्रुवारीत, जादा वेळेत कॅन्सस सिटीकडून २५-२२ हरला. आणि आता ह्या मोसमात तो पायाच्या दुखण्याने बहुतेक वेळ बाहेर; नुकताच परतला होता. पुढच्याच रविवारी बफेलोच्या बर्फात त्याचा गुडघा गेला आणि मोसम संपला, तेव्हा भाच्याचा पुन्हा फोन आला. पण तोपर्यंत बाक त्याला सावरायला समर्थ झाला होता.

त्याने आम्हाला एक जुनी गोष्टही ऐकवली. १९८९ साली मिनेसोटाने हर्शेल वॉकर नावाच्या रेडरसाठी डॅलसला खेळाडूंचा आणि पाळ्यांचा अख्खा गठ्ठा दिला. वॉकरने मिनेसोटाला कुठेही नेलं नाही. डॅलसने त्या गठ्ठ्यातून संघ बांधला आणि नव्वदच्या दशकात तीन अजिंक्यपदं मारली.

"म्हणजे मोहोर ज्यानं घेतला तो शहाणा," लालाजी म्हणाले. "मूर्ख तो, ज्यानं घोडा घेतला." आणि तिघांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. घोडा माझा होता.

वास्तविक ह्या बाकाला ट्रेड शिकवायला सॅन होजेहून फोन यायची गरज नव्हती. आमचं सगळं शहरच एक अर्धवट राहिलेला ट्रेड आहे. लाहोर गेलं, त्या बदल्यात पंजाबला राजधानी म्हणून हे बांधून मिळालं. १ नोव्हेंबर १९६६ला हरयाणा वेगळा झाला आणि घराच्या वाटणीत दिवाणखाना सामाईक राहावा तसं चंडीगड राहिलं. सचिवालयाची इमारत एकच, विधानसभेची एकच, हायकोर्ट एकच. माझ्या लहानपणी चाळीत नळ एक आणि बिऱ्हाडं बारा होती, पण तिथे निदान वेळा ठरलेल्या होत्या. १९७०च्या जानेवारीत इंदिरा गांधींच्या सरकारने निवाडा दिला, की चंडीगड पंजाबला, बदल्यात अबोहर-फाजिल्का हरयाणाला, आणि वर नवी राजधानी बांधायला हरयाणाला दहा कोटी अनुदान, तेवढंच कर्ज. म्हणजे बघा, दोन मुलूख आणि रोख. हुबेहूब ट्रेड. पुढे २४ जुलै १९८५ला राजीव-लोंगोवाल करार झाला, त्यात चंडीगड पंजाबच्या हवाली करायची तारीखसुद्धा ठरली, २६ जानेवारी १९८६. ती तारीख आली. ती तारीख गेली. खिडकी अजून उघडी आहे.

हा विषय बाकावर निघाला की मी बुटाची नाडी बांधायला वाकतो. त्या दिवशी तो निघालाच, कारण लालाजींच्या तोंडून 'बदल्यात' हा शब्द गेला.

"बदल्यात काय? चंडीगड पंजाबचंच आहे," कॅप्टनसाहेब म्हणाले.

"मग अबोहर-फाजिल्का टाका ना टेबलावर," चौधरी.

"एक इंच नाही."

"आमच्या सचिवालयातल्या पंख्याला सुद्धा हात लावू देणार नाही."

"दहा कोटी," लालाजी पुटपुटत होते. "दहा कोटीत आख्खी राजधानी. आणि मॅक्सवेल पावणेअकराला!"

चौधरी मग माझ्याकडे वळले. "तुम्ही बोला, मराठासाहेब. तुम्ही तिसरे."

मी काय बोलणार? बेळगावचं १९५६ पासून भिजत पडलेलं घोंगडं डोक्यावर घेऊन आलेला माणूस मी. आमचा तर ट्रेडही ठरला नाही. महाजन आयोगाचा अहवाल आम्हाला मान्य नाही, आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात. मी नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

आयपीएलचा मोसम सुरू झाला आणि बाकाची सकाळ लांबत गेली. श्रेयस खेळत होता. त्याने धावा केल्या की मला चहा मिळे. नाही केल्या की कॅप्टनसाहेब "मुंबईला आज पाऊस होता का?" असं उगीच विचारत. १५ एप्रिल २०२५ला आम्ही चौघं मुल्लांपूरच्या नव्या मैदानावर गेलो. पीजीआयच्या पुढे थेट जावं, शहर संपलं असं वाटलं की न्यू चंडीगड सुरू होतं. समोर कोलकाता, म्हणजे श्रेयसचं जुनं घर. माझ्या माणसाने शून्य धावा केल्या. सगळा संघ १६ षटकंही न खेळता १११ धावांत आटोपला.

लालाजी उठले. "पार्किंगमधून गाडी निघायला तास लागेल," ते म्हणाले. "मी आत्ताच निघतो. तुम्ही रिक्षा करून या." दुकानदार माणूस, बुडीत खात्याच्या मागे किती वेळ घालवायचा हे त्याला कळतं. जाताना कागदी पुडीतले उरलेले चणेही घेऊन गेले.

कोलकाता दोन बाद ६२. इथे चहलने अजिंक्य रहाणेला पायचीत पकडलं. चेंडू यष्टीच्या बाहेर लागला होता. रहाणेने रिव्ह्यू घेतलाच नाही. चौधरी उभे राहिले ते बसलेच नाहीत. चहलने चार काढले, यान्सनने तीन, आणि कोलकाता ९५ला गारद. आयपीएलमध्ये इतक्या कमी धावा कुणीच कधी राखल्या नव्हत्या. आधीचा विक्रम चेन्नईचा, २००९ साली डर्बनला ११६. आणि तो कुणाविरुद्ध? पंजाबविरुद्ध. म्हणजे एका परीने घरचीच वस्तू घरी आली.

"रहाणे तुमच्याकडचा ना?" परतताना चौधरींनी मला विचारलं. रिक्षात आम्ही तिघं एकमेकांच्या मांडीवर होतो.

"डोंबिवलीचा."

"भला माणूस आहे," चौधरी म्हणाले. "रिव्ह्यू घेतला नाही." त्या रात्री मराठी माणसाबद्दल चंडीगडमध्ये जितकं प्रेम होतं तितकं पानिपतानंतर ह्या मुलखात कधी नसेल.

लालाजींना मात्र ती रात्र आम्ही कधीच माफ केली नाही. ते आजही म्हणतात, की त्यांनी रेडिओवर ऐकलं. त्यांच्या गाडीचा रेडिओ दोन वर्षं बंद आहे.

एक कबुली मात्र त्यांच्याकडून निघाली ती शशांकसिंगमुळे. डिसेंबर २०२३च्या दुबईतल्या लिलावात पंजाबने शशांकला वीस लाखांना घेतला आणि लगेच संघाच्या टेबलावर कुजबुज सुरू झाली. हा तो नव्हे, असा काहीसा घोळ. लिलाव करणाऱ्या मल्लिका सागर ह्यांनी सांगितलं, हातोडा पडला, आता काही होणार नाही. पुढे संघाने खुलासा केला, की सारख्या नावाचे दोघं यादीत होते आणि हवा होता तो हाच. ते काही असो, लालाजींना तो प्रसंग फार आवडला. त्यांच्या दुकानात गल्ल्यावर पाटी आहे: 'बिका हुआ माल वापस नहीं होगा'. पुढे ४ एप्रिल २०२४ला ह्याच 'मालाने' अहमदाबादला २९ चेंडूंत नाबाद ६१ करून हरलेला सामना काढला. वीस लाखांना त्या मोसमातल्या ३५४ धावांनी भागून लालाजींनी भाव काढला, धावेला साडेपाच हजारांच्या आसपास. "माझ्याकडचा गीझरसुद्धा ह्याहून महाग आहे," ते भरल्या गळ्याने म्हणाले. ज्याचा कुणीच नव्हता त्याला अखेर माणूस मिळाला, तोही चुकून आलेला.

१ जूनची रात्र मी विसरणार नाही. अंतिम फेरीसाठी पंजाब विरुद्ध मुंबई. दादरला जन्मलेल्या माणसाने काय करावं? पावसामुळे सामना सव्वादोन तास उशिरा सुरू झाला, तेवढा वेळ मी धर्मसंकटात काढला. मग श्रेयसने ४१ चेंडूंत नाबाद ८७ करून २०४चं लक्ष्य गाठलं, आणि माझी मुंबई माझ्याच मुंबईकराने बाहेर काढली. रात्री दीडनंतर कॅप्टनसाहेबांनी खालून हाक मारली, "मराठासाहेब, मुलगा उत्तम आहे!" आमच्या हिने खिडकी उघडून सांगितलं, की मुलगा झोपलाय, बंगळुरूला असतो, आणि तुम्हीही झोपा.

दोन दिवसांनी, ३ जूनला, अहमदाबादला अंतिम सामना. समोर बंगळुरू. पहिला डाव संपत आला असताना त्यांचा यष्टिरक्षक आला आणि दहा चेंडूंत २४ फटकावून गेला. जितेश शर्मा. हा मागच्या वर्षापर्यंत आमच्याकडे होता. २०२४च्या शेवटच्या सामन्यात एका दिवसापुरता पंजाबचा कर्णधारही झाला होता. मग सोडला, बंगळुरूने ११ कोटींना घेतला. अर्शदीपने शेवटच्या षटकात तीन बळी घेतले म्हणून १९०वर थांबलं. कॅप्टनसाहेबांनी आपलं कर्तव्य बजावलं होतं. आता माझं.

श्रेयस आला. एक धाव काढली. शेपर्डचा चेंडू बॅटला चाटून मागे गेला. झेल: जितेश शर्मा.

शेवटच्या षटकात २९ हव्या होत्या. लालाजींचा शशांक एकटा उभा होता. पहिले दोन चेंडू कोरे गेले, मग सहा, चार, सहा, सहा. नाबाद ६१. तेच मैदान, तोच आकडा, आणि सहा धावांनी हार. फोन वाजला, सॅन होजे. मी उचलला. भाचा काहीच बोलला नाही, मीही नाही. त्याने अडीच मिनिटं शांत राहून फोन ठेवला. सुपर बोल हरलेल्या माणसाइतकं हे दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

४ जूनला सकाळी सहालाच ऊन चटके देत होतं. बाकावर तिघं आधीच बसलेले. शिकंजीचे चार ग्लास, चौथा माझ्यासाठी. हे लक्षण बरं नव्हतं.

"हा जितेश," कॅप्टनसाहेबांनी विचारलं, "कुठला?"

खोटं बोलावंसं वाटलं. "अमरावतीचा."

"अमरावती कुठे आली?"

"विदर्भात."

"विदर्भ कुठे आला?"

"...महाराष्ट्रात."

कुणी काही बोललं नाही. चौधरींनी नुसतं "रै भाई" म्हणून मान हलवली. एक तुमचा आला, एक तुमचा गेला, आणि गेलेल्याने आलेल्याचा झेल घेतला, हे सगळं त्या हलण्यात होतं. लालाजी पेपरच्या क्रीडा पानाच्या कडेला पेन्सिलने हिशेब करत होते. मोसमातल्या ६०४ धावा, पावणेसत्तावीस कोटी, धावेला चार लाख त्रेचाळीस हजार.

"वाईट नाही," ते स्वतःशीच म्हणाले. मग कागद उलटा केला. "आता पुढचं. जितेश परत पाहिजे."

"बंगळुरू देणार नाही."

"सगळे देतात. काय मागतात ते बघायचं." त्यांनी चार रकाने आखले. "हे बघा. चंडीगड पूर्ण पंजाबला. अबोहर-फाजिल्का हरयाणाला. जितेश बंगळुरूहून पंजाबला." ते माझ्याकडे वळले. "तुम्हाला काय पाहिजे, मराठासाहेब? तुमची दोन माणसं गुंतलीत ह्यात."

"बेळगाव," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

"कुणाकडे आहे?"

"बंगळुरूकडेच."

लालाजींनी लिहून घेतलं. चौधरी वाकून वाचू लागले. कॅप्टनसाहेबांनी चष्मा पुसला, अबोहर-फाजिल्काचा रकाना बराच वेळ पाहिला, आणि मी त्यांना ओळखतो तेव्हापासून पहिल्यांदा त्यांनी 'एक इंच नाही' म्हटलं नाही.

"पण बंगळुरूचे दोन जातायत," ते म्हणाले. "जितेश आणि बेळगाव. बदल्यात त्यांना काय द्यायचं?"

लालाजींनी पेन्सिलला थुंकी लावली.

"मॅक्सवेल."